अचूक एअर रायफल जुळवताना: कोणता भाग आधी, कोणता नंतर

१० मीटर एअर रायफलवर पैसे खर्च करताना बहुतेक घरांत क्रम उलटा होतो. आधी महागडी पीप साइट, म्हणजे बारीक भोकातून नेम धरायची मागची साइट, येते. मग रेंजवर कुणाच्या तरी बॅरलवर दिसली म्हणून वजनं येतात. मग ट्रिगर हलका करून घेतला जातो. इतकं होऊनही स्कोअर हलत नाही, तेव्हा कुठे बट प्लेटकडे (खांद्याला टेकणारा मागचा भाग) आणि पेलेटच्या (शिशाच्या छोट्या गोळ्यांच्या) डब्याकडे लक्ष जातं. तोवर मुलाने चुकीच्या मापाच्या रायफलवर मान वाकवून उभं राहायची सवय लावून घेतलेली असते, आणि ती सोडवायला रायफल बदलण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे. प्रत्येक टप्प्याची तपासणी पूर्ण झाल्याशिवाय पुढच्या टप्प्यावर पैसे घालू नका.

कायद्याची चौकट आधी समजून घ्या

'सेमी-ऑटोमॅटिक रायफलचे सुटे भाग आणून घरी जुळवता येतील का' असं तरुण मुलं विचारतात. परदेशातले व्हिडिओ पाहून हा प्रश्न येतो. आपल्याकडे त्याचं उत्तर नाही असं आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय बंदूक बनवणं, तिच्यात बदल करणं किंवा ती दुरुस्त करणं हा गुन्हा आहे.

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या बोअरची (बॅरलच्या आतल्या व्यासाची) आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेची एअर रायफल परवान्याशिवाय बाळगता येते. स्पर्धेची रायफल या मर्यादेच्या खूप आत असते. ०.५३ ग्रॅमची पेलेट सेकंदाला १७२ मीटर वेगाने निघाली, तर ऊर्जा ८ ज्यूलच्याही खाली भरते. कागदाला भोक पाडायला एवढी पुरते.

सावधान: जास्त कडक स्प्रिंग टाकून 'पॉवर' वाढवून देणारे कारागीर भेटतात. त्यांच्याकडे जाऊ नका. कायद्याची मर्यादा ओलांडली जाते आणि रायफलचा धक्का वाढून अचूकताही जाते. गच्चीवरून, गॅलरीतून किंवा पक्ष्यांवर नेम धरणं तर कधीच नाही. ४.५ मिलिमीटरची पेलेट डोळा कायमचा घालवू शकते.

टप्पा १: खरेदीआधीची तयारी

दुकानात जाण्याआधी चार गोष्टी हातात हव्यात.

पहिली, नेमाचा डोळा. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटा त्रिकोण करा, त्यातून भिंतीवरचा एक बिंदू पाहा आणि डोळे आळीपाळीने मिटा. ज्या डोळ्याला बिंदू जागेवर दिसत राहतो तो नेमाचा डोळा. उजव्या हाताच्या मुलाचा डावा डोळा प्रबळ निघाला, तर कोचशी बोलल्याशिवाय उजव्या हाताचा स्टॉक (रायफलचा दांडा) घेऊ नका.

दुसरी, जॅकेट. फिटिंग टी-शर्टवर होत नाही. कॅनव्हास आणि चामड्याच्या जॅकेटची जाडी खांदा आणि बट प्लेट यांच्यामध्ये येते. एका थराला २.५ मिलिमीटर ही स्पर्धेच्या नियमातली कमाल मर्यादा आहे. आपल्याकडे नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा मुलं जॅकेट न घालता फिटिंग करून घेतात आणि स्पर्धेत जॅकेट घातल्यावर रायफल लांब वाटते. पहाटे या, पण जॅकेट घालूनच या. मुलाचं जॅकेट अजून शिवून यायचं असेल तर फिटिंग थांबवा.

तिसरी, वही. प्रत्येक स्क्रूची जागा, प्रत्येक पट्टीवरचा आकडा आणि तारीख तिच्यात लिहायची. मोबाइलमधले फोटो पूरक म्हणून ठीक आहेत, पण सहा महिन्यांनी ते सापडत नाहीत.

चौथी, साधनं: चांगल्या पोलादाच्या अ‍ॅलन की, मिलिमीटरची पट्टी, व्हर्निअर कॅलिपर, ट्रिगरचं वजन मोजायचा काटा आणि रायफल रिकामी असल्याचं दाखवणारा केशरी सेफ्टी फ्लॅग. स्वस्त अ‍ॅलन कीने स्क्रूचं डोकं गोल होतं आणि मग तो स्क्रू हलतच नाही.

तपासणी: नेमाचा डोळा, जॅकेट, वही, साधनं. चारपैकी एक जरी नसेल तरी पुढे जाऊ नका.

टप्पा २: मूळ रायफल

इथे दोन वाटा आहेत. स्प्रिंगची रायफल स्वस्त असते. पण पेलेट बॅरलमधून बाहेर पडायच्या आत पिस्टन पुढे आपटतो, त्यामुळे ती किती घट्ट धरली यावर छिद्राची जागा बदलते. शिस्त शिकायला ती वाईट नाही. मात्र तिला लावलेली महागडी साइट वाया जाते. दाबलेल्या हवेवर चालणारी, रेंजवर सगळे जिला पीसीपी म्हणतात, ती रायफल जवळपास धक्का देत नाही. स्पर्धेचं लक्ष्य असेल तर पैसे तिच्यासाठी जमवा. तोपर्यंत क्लबची रायफल वापरा.

फाइनवर्कबाऊ, वाल्थर, अनशुट्झ, स्टायर यांपैकी कोणती, हा वाद मी घालत नाही. या सगळ्यांच्या मॅच बॅरल सुरुवातीच्या नेमबाजाच्या हातापेक्षा कितीतरी अचूक असतात. खरा प्रश्न असा की हा स्टॉक मुलाच्या मापाला किती लहान होतो आणि दोन वर्षांनी किती मोठा होतो. बारा वर्षांच्या मुलाला मोठ्यांची पूर्ण वजनाची रायफल देऊ नका. नियमातली मर्यादा साइटसह ५.५ किलो आहे, पण तिथवर जायलाच हवं असं कुठे लिहिलेलं नाही.

जुनी रायफल घेत असाल तर हे बघा:

१. मूळ बिल आणि आयातीची कागदपत्रं. रायफलवरचा क्रमांक कागदाशी जुळवा.
२. सिलिंडरवर कोरलेली तारीख. बनवल्यापासून १० वर्षांपर्यंतच सिलिंडर स्पर्धेत चालतो. मुदत संपलेल्या सिलिंडरची किंमत शून्य धरून भाव करा.
३. सिलिंडर भरून रात्रभर ठेवा आणि सकाळी त्याच तापमानाला काटा पाहा. दाब उतरला तर सील गेलं.
४. बॅरलचं पुढचं तोंड भिंगाखाली. तिथल्या कडेला पोचा किंवा ओरखडा नको.
५. स्टॉकचे स्क्रू जिथे बसतात तिथे चीर आहे का.
६. वेगमापकावर दहा पेलेट. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी वेगात मोठा फरक असेल तर हवेचा दाब सारखा ठेवणारा रेग्युलेटर दुरुस्तीला आला आहे.

शेवटचा मुद्दा अनेक जण सोडून देतात. १७२ मीटर वेगाच्या पेलेटला १० मीटर जायला साधारण ०.०५८ सेकंद लागतात, आणि तेवढ्यात ती सुमारे १६.५ मिलिमीटर खाली येते. वेग ५ मीटरने घटला की ती आणखी जवळपास १ मिलिमीटर खाली लागते. टार्गेटवर ०.२५ मिलिमीटर म्हणजे गुणाचा एक दशांश. म्हणजे नेम अचूक असूनही १०.६ चा १०.२ होतो, आणि मूल स्वतःला दोष देत बसतं.

टप्पा ३: हवा आणि सिलिंडर

बहुतेक मॅच रायफलींचा सिलिंडर २०० बारपर्यंत भरतात. तुमच्या सिलिंडरवर जो आकडा कोरला आहे तोच खरा, शेजारच्याचा नाही.

भरताना क्रम असा ठेवा: अ‍ॅडॅप्टर हाताने पूर्ण बसवा, झडप सावकाश उघडा, दाब हळूहळू चढू द्या, मोठी टाकी बंद करा, नळीतली हवा सोडा, आणि मगच सिलिंडर फिरवून काढा. घाईने भरलेला सिलिंडर गरम होतो आणि थंड झाल्यावर काटा खाली येतो. मग 'गळतोय' अशी तक्रार होते. तो गळत नाही, घाईने भरलेला असतो.

सावधान: हवेच्या कुठल्याही सांध्याला मशीनचं तेल, साधं ग्रीस किंवा खोबरेल लावू नका. जास्त दाबाच्या हवेत तेल पेट घेऊ शकतं. निर्मात्याने सांगितलेलं सिलिकॉन ग्रीसच लावा, तेही नावापुरतं.

नागपूरकरांनी उन्हाचं विशेष लक्षात ठेवायला हवं. २५ अंशांना २०० बार भरलेला सिलिंडर बंद गाडीत ६५ अंशांपर्यंत तापला, तर दाब सव्वादोनशेच्या पुढे जातो. सीताबर्डीत गाडी लावून तासभर खरेदी केली आणि रायफल डिकीत राहिली, असं होऊ देऊ नका. रायफल सोबत घ्या किंवा आधी घरी सोडा.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. हातपंपाने किंवा छोट्या कंप्रेसरने भरत असाल तर त्याला ओलावा शोषणारा फिल्टर हवाच, आणि जून ते सप्टेंबर त्यातला माल जास्त वेळा बदलावा लागतो. पाणी आत गेलं की सिलिंडर आतून गंजतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. डेझर्ट कूलरच्या झोतात रायफल ठेवायची सवयही मोडा. बॅरलवर गंजाचे ठिपके येतात आणि कागदी टार्गेट इतकं नरम होतं की छिद्राची कड फाटते. फाटक्या छिद्रावरून मोजलेला ग्रुप, म्हणजे एकाच नेमाने मारलेल्या गोळ्यांच्या छिद्रांचा पुंजका, खोटा.

तपासणी: तारीख वहीत लिहिली, काटा रात्रभर टिकला, सांधे कोरडे आहेत.

टप्पा ४: शरीराशी जुळवणी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. दोन-तीन पूर्ण सत्रं गेली तरी चालतील. बट प्लेट, चीक पीस (गाल टेकायचा भाग), पुढचा हाताचा आधार आणि ग्रिप (मूठ) हे चार भाग विकत घेण्याआधी सध्याच्या रायफलवर आहेत तेवढ्यांत काय साधतं ते पाहा. अनेकदा नवीन भाग लागतच नाही.

रायफल रिकामी, सेफ्टी फ्लॅग आत, जॅकेट-पॅन्ट-बूट अंगावर. मोबाइल ट्रायपॉडवर १.४० मीटर उंचीवर लावा, कारण टार्गेटचा मध्य त्याच उंचीला असतो. एक फोटो समोरून, एक बाजूने.

१. आधी उभं राहणं. रायफल न घेता, टार्गेटला आडवं, डाव्या कोपराला कमरेच्या हाडाचा आधार. मान सरळ. ही मान सरळ राहिली पाहिजे, रायफल तिच्यापर्यंत आणायची आहे.

२. बट प्लेटची उंची. रायफल डोळ्यापर्यंत येत नसेल तर बट प्लेट खाली सरकवा, रायफल वर येते. बहुतेक मुलं नेमकं उलटं करतात: बट प्लेट तशीच ठेवतात आणि डोकं खाली आणतात.

३. बट प्लेटची लांबी. फार लांब असेल तर खांदा मागे ढकलला जातो आणि पाठ जास्त वाकते. फार आखूड असेल तर नाक अंगठ्याला लागतं. एका वेळी ५ मिलिमीटरपेक्षा जास्त बदलू नका.

४. पुढचा हाताचा आधार. डावं कोपर हाडावर असताना रायफल टार्गेटच्या खाली राहते की वर, यावर त्याची उंची ठरते. दंडाच्या ताकदीने रायफल उचलावी लागत असेल तर आधार कमी पडतोय.

५. चीक पीस. डोळे मिटून गाल टेकवा, डोक्याचं फक्त स्वतःचं वजन पडू द्या, मग डोळे उघडा. पीप साइटच्या भोकाच्या बरोबर मध्यातून दिसलं पाहिजे. खालून दिसत असेल तर चीक पीस वर, वरून दिसत असेल तर खाली. गाल दाबून मध्य साधणं म्हणजे चाळिसाव्या गोळीनंतर मान थकून मध्य हरवणं.

६. ग्रिप. तर्जनीच्या पहिल्या पेराचा मधला भाग ट्रिगरवर सरळ पडावा आणि बोटाची बाजू लाकडाला कुठेही टेकू नये. ग्रिप दूर असेल तर बोटाचं टोक लागतं आणि ट्रिगर ओढताना रायफल बाजूला सरकते.

हे सहा झाले की डोळे मिटून दोन श्वास घ्या आणि उघडा. साइट टार्गेटच्या आसपास आपोआप येते का? डावी-उजवीकडे असेल तर पाय फिरवा. वर-खाली असेल तर बट प्लेट किंवा पुढचा आधार बदला. हाताने ओढून जागेवर आणलं तर जुळवणी अपुरी आहे.

पालक विचारतात, 'सर, पोरगा वाढतोय, हे पुन्हा पुन्हा करायचं का?' होय, दर तीन महिन्यांनी, आणि प्रत्येक वेळी वहीत नवा आकडा लिहायचा. ते आकडेच मुलाच्या वाढीची नोंद ठेवतात.

नेहमीची चूक: एकाच दिवशी चीक पीसही बदलणं आणि बट प्लेटही. काय सुधारलं आणि काय बिघडलं, कळायला मार्ग राहत नाही. एक बदल, मग किमान तीस गोळ्या, मग पुढचा.

टप्पा ५: साइट

या स्पर्धेत दुर्बीण चालत नाही. मागे पीप साइट, पुढे नळीत रिंग.

मागच्या साइटचं अंतर आधी ठरवा. डोळ्यापासून साधारण ५ ते ८ सेंटीमीटर. कमी-जास्त वाटलं तर पट्टीवर साइट सरकवा, मान नाही. मागचं भोक बदलता येणारं, म्हणजे आयरिस असेल तर १.१ मिलिमीटरच्या आसपास सुरुवात करा. भोक लहान केलं की टार्गेट स्पष्ट दिसतं पण काळोख वाढतो, आणि दमलेला डोळा काळोखात जास्त चुकतो.

पुढच्या रिंगचं माप हिशोबाने काढा. टार्गेटचा काळा गोल ३०.५ मिलिमीटरचा आहे आणि तो डोळ्यापासून १० मीटरवर आहे. डोळ्यापासून पुढची साइट ९० सेंटीमीटरवर धरली, तर त्या ठिकाणी तो गोल पावणेतीन मिलिमीटरचा दिसतो. रिंग त्याच्या दीडपट असेल तर काळ्याभोवती पांढरी पट्टी सगळीकडून सारखी दिसते. म्हणून ४.० ते ४.४ मिलिमीटर ही सुरुवातीची मापं.

अनेक मुलं ३.४ ची रिंग लावून बसतात, कारण लहान रिंग म्हणजे बारीक नेम असं वाटतं. प्रत्यक्षात पांढरी पट्टी इतकी बारीक होते की हाताच्या प्रत्येक हलण्याने ती एका बाजूला नाहीशी होते. मूल 'परफेक्ट' क्षणाची वाट पाहत दहा-बारा सेकंद धरून ठेवतं आणि शेवटी झटका देतं. ज्याचा हात जास्त हलतो त्याची रिंग मोठी असली पाहिजे.

साइटचे स्क्रू कोणत्या दिशेने फिरवायचे यावरून दर शिबिरात गोंधळ होतो, कारण वेगवेगळ्या बनावटींवरची अक्षरं आणि बाण सारखे नसतात. अर्थ लावत बसू नका. पाच गोळ्या मारा, उंचीचा स्क्रू एका दिशेने दहा क्लिक फिरवा, पुन्हा पाच मारा. ग्रुप कुठे आणि किती मिलिमीटर सरकला ते मोजून वहीत लिहा. बाजूच्या स्क्रूचंही तसंच. एका क्लिकला किती मिलिमीटर, हे आता तुमच्या रायफलसाठी कळलं.

न वापरायचा डोळा मिटू नका, त्याने दुसऱ्या डोळ्यावरही ताण येतो. साधी अर्धपारदर्शक पट्टी लावा. रंगीत फिल्टर, वेगवेगळ्या जाडीच्या रिंगा हे सगळं नंतर. पहिल्या वर्षात त्यावर पैसे घालू नका.

टप्पा ६: पेलेट

एखाद्या पालकाला सगळ्या भागांतून एकाच गोष्टीवर जास्त खर्च करायचा असेल, तर मी पेलेटच्या चाचणीवर करायला सांगतो.

सपाट तोंडाच्या ४.५ मिलिमीटर मॅच पेलेट घ्या. रायफलसाठी साधारण ०.५३ ग्रॅमच्या. डब्यावर डोक्याचा व्यास लिहिलेला असतो: ४.४८, ४.४९, ४.५०, ४.५१, ४.५२. हे शतांश मिलिमीटरचे फरक आहेत आणि बॅरलला ते कळतात. एकाच कंपनीच्या दोन बॅरल वेगवेगळं माप पसंत करतात, त्यामुळे मित्राला ४.५० चांगली जाते म्हणून तुम्हालाही जाईल असं नाही. डब्यावरचा बॅच क्रमांकही तितकाच महत्त्वाचा. तेच नाव, तेच माप, पण पुढची बॅच वेगळी लागू शकते.

चाचणी अशी करा:

१. रायफल क्लॅम्पमध्ये घट्ट. तो नसेल तर टेबलावर वाळूच्या पिशव्यांवर, प्रत्येक वेळी त्याच जागी टेकवून.
२. बॅरलवर स्पर्धेत जे असणार तेच असू द्या. बॅरलच्या पुढची नळी किंवा वजन नंतर लावणार असाल तर चाचणीही नंतरच करा.
३. सिलिंडर पुरेसा भरलेला. अगदी तळाला गेलेल्या दाबावर चाचणी करू नका.
४. पहिल्या दहा गोळ्या बॅरलला त्या पेलेटची सवय होण्यासाठी, त्या मोजायच्या नाहीत.
५. मग दहा-दहा गोळ्यांचे तीन ग्रुप, प्रत्येक नव्या टार्गेटवर.
६. कॅलिपरने छिद्रांच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजा आणि ४.५ वजा करा. उरलेला आकडा म्हणजे केंद्रांमधलं अंतर.
७. दुसऱ्या मापाची पेलेट, पुन्हा तेच. शेवटी पहिली पेलेट परत एकदा, म्हणजे मधे काही हललं असेल तर कळेल.

पाच गोळ्यांच्या एका ग्रुपवर निर्णय घेऊ नका. पाच गोळ्या योगायोगाने एका छिद्रात जाऊ शकतात. दुकानदार असा एक कागद दाखवतो आणि लोक दहा डबे उचलतात.

आकडा काय हवा, तेही हिशोबानेच बघू. १० चा ठिपका फक्त ०.५ मिलिमीटरचा असतो, पण पेलेटची कड त्याला लागली तरी १० मिळतात. म्हणजे पेलेटचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून २.५ मिलिमीटरच्या आत असेल तोवर १०.० किंवा वर. केंद्रांमधलं अंतर दीड-दोन मिलिमीटरच्या आत असेल, तर रायफलने तुमच्या वाट्याची चूक खूप कमी ठेवली आहे. ते साडेतीनवर गेलं, तर उत्तम नेम धरूनही काही गोळ्या १०.३ च्या पुढे जाणार नाहीत. शेवटच्या फेरीत जागा मिळणं-न मिळणं दशांशात ठरतं, आणि ६० गोळ्यांवर हे दशांश साचत जातात.

चांगली बॅच सापडली की त्याच क्रमांकाचे जमतील तेवढे डबे एकदम घ्या. एका डब्यात ५०० असतात आणि नियमित सराव करणाऱ्या मुलाला तो फार दिवस पुरत नाही. सरावाला स्वस्त पेलेट वापरायच्या असतील तर वापरा, पण स्पर्धेच्या पंधरा दिवस आधीपासून स्पर्धेच्याच.

पेलेट ओतताना डब्याच्या कडेवर आपटू नका. शिसं मऊ असतं, मागची झालर वाकते. एक पेलेट भिंगाखाली पाहा: झालर गोल आहे का, डोक्याच्या कडेला खळगा आहे का. वाकलेली बाजूला टाका.

सावधान: शिशाला हात लावल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही, पाण्याची बाटलीही तोंडाला लावायची नाही. पेलेट दातात धरण्याची सवय लहान मुलांना असते. ती पहिल्या दिवशीच मोडा.

टप्पा ७: ट्रिगर

आधी पात्याची जागा, मग ट्रिगरच्या चालीचा पहिला टप्पा (मोकळी चाल), मग दुसरा (जिथे ट्रिगर सुटतो), मग वजन, सगळ्यात शेवटी मागचा थांबा (ट्रिगर सुटल्यावर पातं जिथे अडतं). हा क्रम मोडला तर परत पहिल्यापासून.

ट्रिगरचं पातं बोटाच्या मापाने पुढे-मागे करा. पहिल्या टप्प्याची मोकळी चाल इतकी असावी की दुसरा टप्पा कुठे सुरू झाला हे बोटाला स्पष्ट कळेल. वजन काट्यावर तीनदा मोजा. एअर रायफलला किमान वजनाची अट नाही, पण म्हणून ४० ग्रॅमवर नेऊ नका. नवख्याला मी १५० ग्रॅमच्या आसपास ठेवायला सांगतो. हात स्थिर झालेले नेमबाज ८० ते १२० मध्ये असतात.

तपासणी: पेलेट न घालता रायफल सज्ज करा, तोंड टार्गेटच्या दिशेला, आणि बटच्या मागे तळहाताने दोन-तीनदा थोपटा. ट्रिगर सुटला तर सेटिंग धोक्याचं आहे. वापरू नका, दुसरा टप्पा परत लावा.

कोरड्या, म्हणजे पेलेटशिवायच्या सरावासाठी मॅच पीसीपी रायफलमध्ये वेगळी सोय असते, तीच वापरा. स्प्रिंगच्या रायफलमध्ये पेलेटशिवाय ट्रिगर ओढायचा नाही. समोर पेलेटचा अडथळा नसला की पिस्टन पूर्ण जोराने आपटतो आणि सील फुटतं.

टप्पा ८: वजनं

आधीचं सगळं बसल्यावर, आणि गरज असेल तरच. रायफलचा पुढचा भाग चटचट हलत असेल तर पुढे ५० ग्रॅम. पुढचा भाग दहाव्या सेकंदाला खाली झुकत असेल तर पुढचं काढा. प्रत्येक बदलानंतर पूर्ण रायफल साइटसह तोला.

मुलाला पन्नासाव्या गोळीनंतर पाठ दुखते का, हे विचारा. दुखत असेल तर वजन काढा.

टप्पा ९: पक्कं करणं आणि स्पर्धेला नेणं

सगळे स्क्रू एकदा क्रमाने तपासा. अति घट्ट केलेला स्क्रू लाकूड चिरडतो आणि आटे खातो. स्क्रूचं डोकं आणि त्याच्या शेजारचा भाग यांच्यावरून जाणारी बारीक पांढरी रेघ मारा. प्रवासात स्क्रू हलला तर रेघ तुटलेली दिसते.

बॅरल रोज साफ करू नका. लागेल तेव्हा फेल्टचे गोळे मागच्या बाजूने पुढे, एकाच दिशेने. लोखंडी सळई बॅरलमध्ये घालू नका.

नियमांची मापं घरीच तपासा: वजन ५.५ किलोच्या आत, रायफलच्या यंत्रणेच्या (बट प्लेटच्या नव्हे) मागच्या टोकापासून बॅरलच्या तोंडापर्यंतची लांबी ८५० मिलिमीटरच्या आत, पुढच्या साइटची नळी ५० मिलिमीटरपेक्षा लांब नाही आणि २५ पेक्षा रुंद नाही, सिलिंडर मुदतीत. उपकरण तपासणीच्या टेबलावर एखादं माप बाहेर गेलं की मूल गडबडतं आणि ती गडबड फायरिंग पॉइंटपर्यंत जाते.

पुण्याला बालेवाडीला किंवा मुंबईला वरळीला जाताना रायफल कठीण पेटीत, बिल आणि असोसिएशनचं ओळखपत्र सोबत. रेल्वेच्या डब्यात पेटी उघडून कुणाला दाखवू नका. विमानाने जात असाल तर सिलिंडर पूर्ण रिकामा करून रायफलपासून वेगळा काढा, तिकीट काढतानाच विमान कंपनीला कळवा आणि तिथे पोहोचल्यावर हवा कुठे भरून मिळेल हे आधीच विचारून ठेवा.

पोहोचल्यावर पहिल्या सरावात दहा गोळ्या मारून होईपर्यंत साइटच्या स्क्रूला हात लावू नका. तिथला प्रकाश वेगळा असतो, प्रवासाने खांदे आखडलेले असतात, पहिल्या तीन-चार गोळ्या तेच दाखवतात. दहाव्या गोळीनंतरही ग्रुप एकाच बाजूला असेल, तर वहीतला क्लिकचा आकडा काढा, अंतर मोजा आणि तेवढेच क्लिक द्या.